जुनी पेलेट-शेगडी : घ्यावी की न घ्यावी?

थंडी पडू लागली, की आंघोळीच्या पाण्याला जळण जास्त लागते आणि गॅसचा सिलिंडर चार दिवस आधीच संपतो. अशा वेळी कोणी सांगते, "अमक्याच्या माळ्यावर पंख्याची पेलेट-शेगडी पडून आहे, स्वस्तात देतोय." खारघर, ओवे, मुर्बी या गावांतून आणि वर डोंगरावरच्या वाड्यांतून भगिनी विचारतात, "साहेब, घेऊ का?" हो म्हणण्यापूर्वी हिशेब मांडून पाहू.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले वगैरे दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या. थंड देशांत अशा शेगड्यांवर खोल्या उबदार ठेवतात. त्यांना धूर बाहेर नेणारे धुराडे असते. आपल्याकडची शेगडी वेगळी. ती स्वयंपाकाची व पाणी तापवण्याची. तिला धुराडे नसते, म्हणून ऊब घेण्यासाठी ती बंद खोलीत ठेवणे जिवावर बेतू शकते.

शेगडी राहिली, जळण गेले

महाराष्ट्र, कर्नाटक व तामिळनाडूत २००६ च्या सुमारास 'ऊर्जा' नावाची शेगडी विक्रीस आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने बीपी या तेल कंपनीने ती तयार केली होती. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला. सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. धूर कमी, भांडी काळी होत नाहीत, म्हणून गृहिणींना ती आवडली. पुढे कच्चा माल महागला, कांड्यांचे दर वाढले, घरगुती गिऱ्हाईक गळाले आणि कंपनी हॉटेले व खानावळींकडे वळली. शेगड्या मात्र माळ्यावर गेल्या. यातून घ्यायचा धडा असा : शेगडी एकदाच घ्यायची असते, जळण रोज लागते.

आज कांड्यांना मोठे गिऱ्हाईक आहे. कारखान्यांचे बॉयलर आहेतच, शिवाय औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात अशा कांड्या मिसळाव्यात, असे केंद्राचे २०२१ चे धोरण आहे. तेव्हा दहा-वीस किलो घेणाऱ्याला दुकानदार नियमित माल देईल का, हे आधी विचारावे.

ऐंशीचा हिशेब

एक किलो गॅसमध्ये सुमारे १०,९०० किलोकॅलरी उष्णता असते. चांगल्या शेगडीत तिच्यातील शेकडा ६८ भाग भांड्याला मिळतो. कांड्यांत किलोला सुमारे ३,८०० धरू. पंख्याच्या शेगडीने निदान शेकडा ३५ भाग उपयोगी पाडावा, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे एक किलो गॅसचे काम करायला साडेपाच किलो कांड्या लागतात आणि १४.२ किलोच्या सिलिंडरला सुमारे ८० किलो.

आता सिलिंडरच्या किमतीला ८० ने भागा. सिलिंडर ८०० रुपयांना पडत असेल, तर कांड्या घरपोच १० रुपये किलोच्या आत पडल्या पाहिजेत. त्याहून महाग असतील, तर फुकट मिळालेली शेगडीही महागच. ज्यांना काटक्या व नारळाची सोडणे घरचीच आहेत, त्यांचे कांड्यांनी पैसे वाचणार नाहीत. धूर मात्र कमी होईल. नुसते आंघोळीचे पाणी तापवायचे असेल, तर अंगणातला बंब पुरे.

घेताना काय पाहावे

१. विकणाऱ्यासमोर शेगडी वरून पेटवून तासभर चालवावी. ज्योत एकसारखी हवी. धूर येत राहिला, तर हवा नीट पोचत नाही.

२. पंख्याचा आवाज ऐकावा. बॅटरी किती वेळ टिकते आणि तशीच नवी कोठे मिळते, याची चौकशी करावी. पंखा बंद पडला, की ती धुराची शेगडीच.

३. तळाची जाळी जळून पातळ झालेली किंवा आतले अस्तर तडकलेले असेल, तर घेऊ नये.

४. भांडे ठेवून हलवून पहावे. शेगडी डगमगत असेल, तर घरात लेकरे आहेत हे विसरू नये.

वापरताना

दार-खिडकी उघडी हवी. धूर दिसत नसला, तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो. पनवेलच्या पावसात कांड्या ओल शोषून फुगतात व त्यांचा भुगा होतो, म्हणून झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून उंच ठेवाव्यात. भाताचे तूस सुटे घालू नये. त्याने हवेची वाट बुजते. तुसाच्या कांड्यांची राख शेकडा १५ ते २० भाग निघते. ती फेकू नये. चारसूत्री भात लागवडीत रोपवाटिकेच्या गादीवाफ्याला तुसाची राख देण्याची शिफारस आहेच.

थोडक्यात, आधी जवळपास वर्षभर कांड्या देणारा दुकानदार शोधावा, मग दर ८० च्या हिशेबात बसतो का पाहावे आणि शेवटी शेगडी पाहायला जावे. पहिल्या दोन गोष्टी जमल्या नाहीत, तर शेगडीचे पैसे घरातच ठेवावेत. गॅसच्या पुढच्या सिलिंडरला ते उपयोगी पडतील.