पृथ्वी गोल की सपाट? कसोटी आपल्या ग्रंथांनाही लावू या

वर्षावासाच्या निमित्ताने ब्रह्मपुरी तालुक्यातील एका विहारात युवकांशी बोलत होते. कार्यक्रम संपल्यावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. पृथ्वी सपाट आहे, उपग्रहांचे फोटो बनावट आहेत, असे त्यात ठासून सांगितले होते. सगळे हसले. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "ताई, पृथ्वी गोल आहे हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं." यावर टाळ्या पडल्या.

खरे सांगायचे तर मला व्हिडिओपेक्षा त्या टाळ्यांची जास्त काळजी वाटली. मी विचारले, "पृथ्वी गोल आहे याचा एक तरी पुरावा कोण देईल?" कोणी म्हणाले पुस्तकात आहे, कोणी म्हणाले सरांनी सांगितले. म्हणजे उत्तर बरोबर होते, पण ते आपण ज्या पद्धतीने स्वीकारले ती व्हिडिओवाल्यांचीच होती.

म्हणून आधी पुरावे पाहू. त्यासाठी ब्रह्मपुरी सोडून कुठे जावे लागत नाही.

पहिला पुरावा फोनवर मिळतो. मुंबईतल्या नातेवाइकाला सूर्य कधी मावळला ते विचारा. आपल्याकडे अंधार पडू लागतो तेव्हा तिथे ऊन असते. दोन्ही ठिकाणांत सुमारे सात रेखांशांचे अंतर आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने साधारण अर्ध्या तासाचा फरक पडतो. जमीन पाटासारखी सपाट असती आणि सूर्य तिच्या वर फिरत असता, तर तो लांब जाऊन लहान दिसला असता. जमिनीखाली बुडाला नसता.

दुसरा पुरावा ध्रुवताऱ्याचा. ब्रह्मपुरीतून तो क्षितिजापासून साधारण साडेवीस अंशांवर दिसतो, श्रीनगरहून सुमारे चौतीस, तर कन्याकुमारीहून जेमतेम आठ. ऑस्ट्रेलियात तो दिसतच नाही. सपाट जमिनीवरून तो खाली सरकलेला दिसला असता, पण पूर्ण नाहीसा झाला नसता.

तिसरा पुरावा ग्रहणाचा. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. चंद्रावर सरकत जाणारी सावली पृथ्वीची असते आणि तिची कड प्रत्येक ग्रहणात वर्तुळाकारच दिसते. ताटलीची सावली कधी गोल, कधी लांबट पडते. कोणत्याही बाजूने उजेड आला तरी गोलच सावली पडते ती फक्त चेंडूची.

आता ग्रंथांकडे वळू. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये पृथ्वी गोल आहे, ती स्वतःभोवती फिरते आणि ग्रहण सावलीमुळे होते, असे मांडले. पुराणांत मात्र सपाट पृथ्वी, मध्ये मेरू पर्वत आणि चंद्राला गिळणारा राहू. गंमत अशी की हे दोन्ही शतकानुशतके एकाच घरात नांदले. पंचांगातले ग्रहण गोल पृथ्वीच्या गणिताने काढायचे आणि दान राहूच्या नावाने मागायचे!

हा विरोध मराठीत छापून उघड्यावर आला तो १८३० च्या दशकात. भोपाळजवळ सीहोरच्या पाठशाळेत लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर काम करणाऱ्या सुबाजी बापू या ज्योतिषी पंडिताने १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक लिहिले आणि पुराणातील भूगोल सिद्धान्त-ज्योतिषाच्या आधारे खोडून काढला. पुराणांचा कैवार घेणारे पंडित त्यावर तुटून पडले. कारण वाद फक्त भूगोलाचा नव्हता. पुराण एका ठिकाणी चुकू शकते हे मान्य केले, तर पुराणातील इतर गोष्टींनाही, जातीच्या उतरंडीलाही, पुरावा मागता येतो.

इथपर्यंत वाचताना आपल्याला बरे वाटते. पण तीच कसोटी आता स्वतःच्या ग्रंथांना लावू या.

वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'त मध्यभागी सुमेरू पर्वत आहे, चार दिशांना चार द्वीपे आहेत आणि आपले जंबुद्वीप बैलगाडीच्या आकाराचे आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'गोलाध्याया'त बौद्धांचे आणखी एक मत खोडले आहे. पृथ्वी अवकाशात सतत खाली पडते आहे, असे ते मत. भास्कराचार्य विचारतात, तसे असेल तर वर फेकलेली वस्तू जमिनीवर परत कशी येते? प्रश्न बिनतोड होता. तेव्हा बुद्धांनी गोल पृथ्वी सांगितली, असे छाती फुगवून म्हणायला आधार नाही.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तथागतांचा विषय पृथ्वीचा आकार हा नव्हताच, तर माणसाचे दुःख हा होता. जग अंतवान की अनंत, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. बाण लागलेल्या माणसाचा आधी बाण काढायचा, असे त्यांनी मालुंक्यपुत्ताला समजावले. ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात एवढ्यावर काही मानू नका, हे त्यांनी कालामांना सांगितले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखायला बुद्धीला पटणे आणि मानवी कल्याणाशी संबंध असणे या कसोट्या दिल्या. १९३८ मध्ये गेंदुन छोफेल या तिबेटी विद्वानाने कालिंपोंगच्या तिबेटी वृत्तपत्रात पृथ्वी गोल आहे असे आपल्याच लोकांना लिहून सांगितले. स्वतःच्या परंपरेची चूक तो स्वतः दाखवतो, म्हणून तो मला मोठा वाटतो.

"पण ताई, पृथ्वी गोल असो की सपाट, आपल्या पोटापाण्याला काय फरक पडतो?" हाही प्रश्न त्या दिवशी आला. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून सात दलितांना चौकात बांधून मारहाण झाली. त्यात म्हातारी माणसे होती. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. पण कायदा घटनेनंतर धावून येतो. दोर आणायच्या आधी गर्दीतल्या एकाने तरी "पुरावा काय?" असे विचारायला हवे असते. ही सवय एका दिवसात लागत नाही. ती पृथ्वीसारख्या बिनधोक प्रश्नावर गिरवावी लागते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्या दीक्षेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या विहारांना एक छोटा कार्यक्रम सुचवते. २३ मेच्या आसपास ब्रह्मपुरीत भर दुपारी, बारा वाजून सात मिनिटांच्या सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. विहाराच्या अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी करा. तिची सावली नाहीशी होईल. त्या दिवशी कन्याकुमारीत मध्यान्हीला तेवढ्याच काठीची सावली सुमारे बावीस सेंटिमीटर पडते, म्हणजे साडेबारा अंशांचा कोन. दोन्ही गावांत दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,३९० किलोमीटर. वर्तुळाचे ३६० अंश धरून त्रैराशिक मांडा, पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येईल. नुसत्या दोन सावल्यांनी सपाटवाला गप्प बसणार नाही, सूर्य जवळ आहे म्हणेल. तेव्हा त्याला मावळता सूर्य, ध्रुवतारा आणि ग्रहण दाखवा.

आणि व्हिडिओ दाखवणाऱ्या मुलाला हसू नका. त्याने निदान प्रश्न तरी विचारला. काठी त्याच्याच हातात द्या. जय भीम!