ऑलिंपिकमध्ये गेल्यावर कुस्तीप्रकारांचं भलं होतं का?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. लहानपणी गावच्या तालमीत थोडीफार कुस्ती केली होती. मग बी.टेक., नोकरी, खुर्ची आणि पाठदुखी. म्हणून पुण्यात ऑफिसनंतर जुडोचा क्लास लावला. पहिल्याच छोट्या स्पर्धेत सवयीने वाकलो आणि समोरच्याला दुहेरी पट काढला. गडी आडवा! मी खूश, पण पंचांनी मलाच दंड ठोठावला.

गंमत म्हणजे हा डाव जुडोचाच आहे. मोरोते-गारी म्हणतात त्याला. मग बंदी का?

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जुडो सुरू केला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो आला, 1968 ला वगळला गेला, 1972 ला परतला. ऑलिंपिक म्हटलं की टीव्ही आला, आणि घरबसल्या बघणाऱ्याला कळेल असा खेळ हवा. खेळाडू वाकून, पाय धरून लढायला लागले तर जुडो आणि कुस्ती यातला फरकच दिसेना. म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने 2010 मध्ये थेट पाय पकडण्यावर बंदी आणली. 2013 पासून तर उभ्याने लढताना पायाला हात लावायचीच सोय राहिली नाही.

आम्हा कोडिंगवाल्यांना हे लगेच कळतं. जे टेस्टमध्ये तपासलं जातं, तेवढंच लोक नीट लिहितात. ज्या डावाला गुण नाहीत, त्याचा सराव कोण करणार? आणि शिकवणारेच संपले की डावही संपला.

मग ऑलिंपिक नकोच? थांबा, दुसरी बाजू बघा. महिलांच्या जुडोला 1992 पासून पदकं मिळायला लागली, महिला कुस्तीला 2004 पासून. साक्षी मलिकचं 2016 चं कांस्य त्याच दारातून आलं. फेब्रुवारी 2013 मध्ये कुस्तीलाच 2020 साठी बाहेर काढायची शिफारस झाली, तेव्हा जगभरच्या पैलवानांच्या पोटात गोळा आला. नियम सोपे केले, महिलांचे वजनगट चारावरून सहा झाले. सप्टेंबरमध्ये कुस्ती पुन्हा आत आली. म्हणजे धाकामुळे का होईना, सुधारणा झालीच.

आणि आपले खाशाबा जाधव? मातीत घडलेला माणूस 1952 ला हेलसिंकीत मॅटवर लढला आणि कांस्य घेऊन आला. ऑलिंपिक नसतं तर गोळेश्वरचं नाव जगाला कसं कळलं असतं?

उलट ब्राझिलियन जिउ-जित्सू बघा. ऑलिंपिकमध्ये नाही, तरी जगभर पसरलं. तिथे माझा पट आजही चालतो.

माझं मत सांगतो. ऑलिंपिकमुळे पैसा, नोकऱ्या आणि मुलींना मॅट मिळते. ते सोडायचं नाही. पण स्पर्धेची नियमावली म्हणजे अख्खी विद्या नव्हे. स्पर्धेसाठी नियमाने खेळा, आणि क्लासमध्ये आठवड्यातला एक दिवस बाद झालेल्या डावांसाठी ठेवा. आमच्या सरांना मी हे विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "शनिवारी लवकर ये, तुझा तो पट सगळ्यांना दाखव."

तुमच्या तालमीत किंवा क्लासमध्ये असा एखादा विसरलेला डाव आहे का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!