सुगंधी तेले आणि कर्करोग

खानदेश-निमाडच्या माळांवरील रोशा गवतापासून ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल एकेकाळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे रवाना होई. तेथे गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ चाले. कारण जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य दोहोंतही असते. याच जिरॅनिऑलमुळे काचेच्या बशीत वाढविलेल्या कर्करोगपेशींची वाढ मंदावते, असे अलीकडच्या दशकांत आढळून आले आहे. इतर अनेक वनस्पतींच्या तेलांविषयीही असे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. ते खोटे नाहीत. मात्र बशीतील पेशी तीव्र मिठाच्या पाण्यानेही मरतात.

बशी आणि रुग्ण यांतील अंतर केवढे आहे, हे पेरिलिल अल्कोहोलच्या इतिहासावरून दिसते. लव्हेंडरसारख्या वनस्पतींच्या तेलात हे द्रव्य अल्प प्रमाणात असते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल गूल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उंदरांना दिले, तेव्हा त्यांच्या स्तनांतील गाठी आक्रसल्या. साहजिकच आशा पल्लवित झाल्या आणि १९९०च्या दशकात माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. रुग्णांना रोज कित्येक ग्रॅम द्रव्य पोटात घ्यावे लागे. मळमळ आणि ओकाऱ्यांमुळे अनेकांना ते सोसवेना. आणि स्तन, बीजांडकोश, मोठे आतडे यांच्या कर्करोगात अपेक्षित गुण आला नाही. पुढे ब्राझीलमध्ये मेंदूतील गाठींसाठी ते नाकावाटे देऊन पाहण्यात आले. परंतु प्रस्थापित उपचारांत त्याला अद्याप स्थान नाही.

वनस्पतींत औषध नसते, असा याचा अर्थ नव्हे. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिंक्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली आणि बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. पण ते शुद्ध केलेले द्रव्य असून मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून दिले जाते. सदाफुलीची पाने चघळणे ही निराळी गोष्ट, आणि धोक्याचीही.

अशा चाचण्यांना अफाट पैसा लागतो. कोणालाही गाळता येणाऱ्या तेलावर मक्तेदारी मिळणे कठीण, म्हणून खासगी भांडवल तिकडे फारसे फिरकत नाही. हा भार सरकारी संशोधनसंस्थांनीच उचलायला हवा. बाटलीवाल्या विक्रेत्याला मात्र यातला एक पैसाही खर्चावा लागत नाही. उंदरावरील प्रयोगाचे कात्रण त्याला पुरते. मालिशने रुग्णाला जरा बरे वाटत असेल, तर डॉक्टरांना विचारून ती जरूर करावी. परंतु ‘शस्त्रक्रियेआधी दोन महिने तेल लावून पाहू’ असे घरात ठरते, तेव्हा बाटलीची किंमत हा नुकसानीचा सर्वांत लहान भाग असतो. गाठ त्या दोन महिन्यांत थांबून राहत नाही.

कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीस १९५४च्या जादूटोणासदृश उपायांविषयीच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा वापरण्यासाठी कोणत्याही नव्या संशोधनाची गरज नाही.