बडोद्यात घर घेताय? बयाणा देण्याआधी ‘अशांत धारा’ समजून घ्या

नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा, नवापूर या पट्ट्यातल्या घरांत बडोद्याचे नाव सहसा तीन कारणांनी निघते. पोराचे कॉलेज, आजाऱ्याचा दवाखाना, नाहीतर सोयरीक. आता त्यात चौथे कारण आले आहे : घर. पुण्या-मुंबईच्या भावात हात घालण्याची सोय नाही, आणि अक्कलकुव्यावरून डेडियापाडा, राजपीपळा करत बडोदे गाठता येते. शिवाय तिथे मराठी बोलून दिवस निघतो, ही खात्री असतेच.

ही खात्री खोटी नाही. दांडिया बाजार, रावपुरा, सूरसागरच्या आसपासच्या गल्ल्यांत आजही मराठी पाट्या दिसतात, गणपती दहा दिवस दणक्यात बसतो. 1949 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत बडोदे ही गायकवाडांची राजधानी होती. कारकून, शिक्षक, वैद्य, शिलेदार यांची घरे दरबाराच्या जवळ वसली. खुद्द सयाजीराव मालेगावजवळच्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्याच शेजारचे. अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत असताना राहत तो बंगलाही दांडिया बाजारातच आहे. राहायला हा भाग सोयीचा आहे. बाजार, दवाखाना, देऊळ, शाळा सगळे पायी. म्हातारा-म्हातारीला रिक्षा लागत नाही.

पण राहायला चांगले आणि विकत घ्यायला सोपे या दोन वेगळ्या गोष्टी. जुन्या वाड्याचा मालक एकटा नसतो. आजोबांच्या नावावरचे घर, त्यांना चार मुले, त्यातली दोन अमेरिकेत, एक वारली, तिचे वारस मुंबईत. प्रॉपर्टी कार्डवर या सगळ्यांची नोंद झाली आहे का, हे आधी पाहावे लागते. तळमजल्यावर जुन्या भाडे कायद्याखालचा भाडेकरू असेल, तर घर घेणाऱ्याच्या वाट्याला तोही येतो. गल्लीत गाडी जात नाही, हा मुद्दा त्यामानाने किरकोळ.

खरी अडचण ‘अशांत धारा’ नावाच्या कायद्याची आहे. महाराष्ट्रात असा कायदा नाही, म्हणून आपल्याकडच्या माणसाला त्याचा पत्ताच नसतो. 1980 च्या दशकातल्या दंगलींत घाबरलेली माणसे घरे मातीमोल भावाने विकून जात होती. ते थांबवायला गुजरातने आधी 1986 मध्ये आणि मग 1991 मध्ये हा कायदा केला. सरकार अधिसूचना काढून एखादा भाग ‘अशांत’ ठरवते. मुदत संपली की ती बहुधा वाढवली जाते. अशा भागातली स्थावर मिळकत विकायची, बक्षीस द्यायची, अदलाबदल करायची तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. विकणारा मर्जीने विकतो आहे का आणि किंमत वाजवी आहे का, हे कलेक्टरने पाहायचे असते. पोलिसांचा अभिप्रायही मागवला जातो. परवानगीशिवाय झालेला व्यवहार कायद्याने रद्दबातल.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. हिंदू-मुस्लिम व्यवहार असेल तरच परवानगी लागते, असे लोक छातीठोक सांगतात. तसे नाही. भाग अधिसूचित असेल तर दोघेही मराठी, दोघेही एकाच जातीचे असले तरी अर्ज करावाच लागतो. 2020 मध्ये हा कायदा आणखी कडक करण्यात आला आणि त्या दुरुस्तीला उच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले. वाजवी किंमत मिळावी म्हणून आलेला कायदा कोण कुणाच्या शेजारी राहणार हे ठरवू लागला, ही त्यावरची टीका जुनीच आहे आणि ती सहज उडवून लावण्यासारखी नाही. घर घेणाऱ्याला मात्र तो आहे तसा पाळावा लागतो.

बडोद्याच्या जुन्या शहराचा बराच भाग आणि बाहेरच्याही काही वसाहती या यादीत आहेत. हद्द कधी रस्त्याच्या एका बाजूने जाते. म्हणून एजंटच्या तोंडावर न जाता सिटी सर्व्हे नंबर घेऊन कलेक्टर कचेरीत किंवा सब-रजिस्ट्रारकडे विचारावे. समजा तळोद्याच्या एका निवृत्त मास्तरांनी फंडाच्या पैशातून पाच लाख बयाणा दिला आणि तीन महिन्यांत खरेदी करायचे ठरले. परवानगीला त्याहून जास्त वेळ लागला किंवा ती नाकारली गेली, तर पाच लाखांचे काय? करारात ‘परवानगी न मिळाल्यास बयाणा परत’ हे वाक्य असेल तर मास्तर वाचले. नसेल तर वकिलाच्या पायऱ्या.

करारालाही तिकडे ‘बानाखत’ म्हणतात. शब्दांचा हा घोळ पैशाला भारी पडतो, म्हणून थोडे सांगायला हवे. आपले रेडीरेकनर म्हणजे तिकडची ‘जंत्री’. बांधकामाची परवानगी म्हणजे ‘रजा चिठ्ठी’. इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला, ज्याला आपण ओसी म्हणतो, तो तिकडे ‘बीयू’. घरात माणसे राहतात म्हणजे बीयू असेलच असे नाही. 2022 च्या कायद्याने इम्पॅक्ट फी भरून अनधिकृत बांधकाम नियमित करून घेण्याची सोय दिली. तसे केल्याचे कुणी सांगितले तर नुसता अर्ज बघून परत येऊ नये, मंजुरीचा दाखला मागावा. आणि शहराबाहेर प्लॉट स्वस्त मिळतोय म्हणून धावण्याआधी तो ‘बिनखेती’ झाला आहे का ते पाहावे. महाराष्ट्रातला सातबारा दाखवून गुजरातमध्ये शेतजमीन घेता येईल असे कुणी गृहीत धरू नये.

हिशेबाकडे येऊ. गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के, नोंदणी फी 1 टक्का. महाराष्ट्रात नोंदणी फीला 30 हजारांची मर्यादा आहे, तिकडे नाही. 50 लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक 2 लाख 45 हजार आणि नोंदणी 50 हजार होते. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर नोंदणी फी माफ. नवऱ्याचे नाव सोबत घातले की ही सवलत गेली. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी वेगळा. कार्पेट 90 चौरस मीटरपर्यंत आणि किंमत 45 लाखांपर्यंत असेल तर 1 टक्का. मुद्रांक, नोंदणीसाठी बँक सहसा कर्ज देत नाही, ती रक्कम खिशातूनच काढावी लागते.

भाड्याने देऊन कमाई होईल, हे गणितही एकदा कागदावर मांडून बघावे. समजा 50 लाखांच्या फ्लॅटला महिना 12 हजार भाडे आले. वर्षाचे 1 लाख 44 हजार, म्हणजे 2.88 टक्के. त्यातून वेरा, सोसायटीचा मेन्टेनन्स आणि रिकामे महिने वजा करा. बँकेतली ठेव याहून बरी. मग राहते ती किंमत वाढण्याची आशा. टाटा-एअरबसचा विमान कारखाना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, बुलेट ट्रेनचे स्टेशन होते आहे. बिल्डरच्या जाहिरातीत हे दोन्ही असतेच, आणि त्याचे पैसे आजच्या भावात धरलेलेही असतात.

जाहिरातीत नसते ती विश्वामित्री. ऑगस्ट 2024 मध्ये नदीचे पाणी 35 फुटांच्या वर गेले. समा, हरणी, अकोटा, वडसर, मुजमहुडा अशा भागांत तळमजले बुडाले, मगरी रस्त्यावर आल्या. 2019 लाही असेच झाले होते. 2025 च्या पावसाळ्याआधी पात्र खोल-रुंद करण्याचे मोठे काम झाले. तरी फ्लॅट बघायला उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात जावे. 2024 ला पाणी कुठवर आले होते हे एजंटला न विचारता कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारावे. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.