जुना बेस अ‍ॅम्प घेताय? आधी मागची बाजू बघा

सेकंड-हँड बेस अ‍ॅम्पच्या जाहिरातीत वॅटचा आकडा ठळक असतो. तुम्ही मात्र मागच्या पॅनेलचा फोटो मागा, खरी माहिती तिथंच असते.

समजा तिथं ‘किमान ४ ओहम’ असं लिहिलंय. ८ ओहमची दोन स्पीकर कॅबिनेट समांतर जोडली की एकूण ४ ओहम होतात, म्हणजे चालेल. पण ४ ओहमची दोन जोडली तर उरतात २. मग अ‍ॅम्पमधून झेपेल त्याहून जास्त करंट ओढला जातो. नशीब चांगलं असेल तर तो तापून स्वतःच बंद होतो, नाहीतर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळतात. ट्यूब अ‍ॅम्पची तऱ्हा वेगळी: स्पीकर न लावता वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

अ‍ॅम्पपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल नको. जॅक सारखाच दिसतो, पण आतली तार बारीक असते आणि तापते. स्पीकर केबलच घ्या, शक्यतो फिरवून लॉक होणारी स्पीकॉन.

अमेरिकेतून कुणी आणतंय? तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्चही किमतीत धरा.

इफेक्ट पेडल बहुतेक ९ व्होल्टवर चालतात, पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह. वायफाय राउटरचा अडॅप्टर बऱ्याचदा १२ व्होल्टचा आणि नेमका उलटा असतो. पिन बसतेय म्हणून तो लावू नका!

आणि विकायला काढाल तेव्हा मागच्या पॅनेलचा फोटो स्वतःहूनच टाका, निम्मे मेसेज वाचतील.