मणक्यातील भूल : औषध कुठवर पोहोचते?

निलंगा तालुक्यातील एखाद्या घरी आजी न्हाणीत पाय घसरून पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. घरची मंडळी निलंग्याचे उपजिल्हा रुग्णालय गाठतात. पुढील उपचारांसाठी कधी लातूरलाही जावे लागते. शस्त्रक्रिया ठरते आणि एक शंका साऱ्यांना अडवते : ‘मणक्यात सुई टोचल्यावर पाय कायमचे लुळे पडले तर?’ या भीतीपोटी निर्णय लांबतो. मात्र वृद्धांना अंथरुणातील प्रत्येक दिवस महाग पडतो. न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायातील रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढत जातो. म्हणूनच हे औषध शरीरात कसे पसरते, हे जाणून घेणे हिताचे आहे.

सुई नेमकी कुठे?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पाण्यासारखा नितळ मेरुद्रव असतो. प्रौढ माणसात त्याचा साठा सुमारे १५० मिलिलिटर असतो. शरीर दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार करते आणि जुना रक्तात शोषला जातो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मधल्या फटीतून जाते. तेथे द्रवात केवळ सुट्या धाग्यांसारख्या नसा तरंगत असतात. त्यामुळे कायमचे लुळेपण येणे अत्यंत विरळा आहे.

पाण्यातील काकवी

पेलाभर पाण्यात काकवीचा थेंब सोडला, तर तो तळाशी उतरतो. मणक्यातील भुलेचेही तसेच आहे. बुपिव्हाकेन या नेहमीच्या औषधात साखर मिसळून ते मेरुद्रवापेक्षा जड केलेले असते. त्याची मात्रा साधारण दोन-तीन मिलिलिटर एवढीच. रुग्ण काही मिनिटे बसून राहिला, तर औषध खाली उतरते आणि बैठकीचा भाग बधिर होतो. उताणे निजवल्यास ते कण्याच्या बाकानुसार काही छातीकडे, तर काही माकडहाडाकडे ओघळते. टेबलाची बाजू किंचित उंच-सखल करून भूलतज्ज्ञ हा प्रवाह आवरतात. पहिली पंधरा-वीस मिनिटे त्यासाठी फार मोलाची असतात.

जर्मनीतील ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये या पद्धतीने पहिली शस्त्रक्रिया केली. १९०७ मध्ये लंडनचे शल्यविशारद आर्थर बार्कर यांनी काचेच्या वाकड्या नळीचा कणा करून साखरमिश्रित औषध कसे ओघळते, ते दाखवून दिले.

मधुमेही रुग्णांनी या साखरेची धास्ती घेऊ नये. तीन मिलिलिटर औषधात ती जेमतेम पाव ग्रॅम असते.

वय वाढले, मात्रा घटली

वयोमानाने मणके झिजतात आणि आतील जागा अरुंद होते. त्यामुळे तेवढेच औषध वृद्धांत अधिक वर चढू शकते व रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणूनच भूलतज्ज्ञ मात्रा बेताने ठरवतात आणि रक्तदाबावर सतत लक्ष ठेवतात.

कुटुंबीयांनी काय करावे?

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आधीच सांगावी. स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयविकार, पूर्वीची कण्याची शस्त्रक्रिया किंवा औषधाची ॲलर्जी यांचीही कल्पना द्यावी.

सुई देताना रुग्णाने पाठ बाहेर काढून स्थिर राहावे. नंतर चक्कर, मळमळ, बोटांना मुंग्या वा श्वासाला जडपणा जाणवला, तर संकोच न करता लगेच सांगावे.

भूल साधारण दोन-चार तासांत उतरते. तोवर बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये. चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही. पायांत पुरती ताकद येऊन डॉक्टरांनी संमती देईपर्यंत उभे करू नये. लघवी तुंबली, विशेषतः प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना, तर परिचारिकेला कळवावे. बसल्यावर वाढणारी व निजल्यावर कमी होणारी डोकेदुखी वृद्धांत तुलनेने कमी आढळते; तरीही ती झाल्यास डॉक्टरांना सांगावी. पाय अपेक्षित वेळेत हलू लागले नाहीत, तर मात्र क्षणाचाही विलंब करू नये.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांशी पाच मिनिटे बोलण्याची विनंती अवश्य करावी आणि मनातील शंका त्यांनाच विचाराव्यात. खुब्याची शस्त्रक्रिया शक्य तो पहिल्या दोन दिवसांत व्हावी. निराधार भीतीपायी हा काळ दवडू नये.