निकाल, दाखला आणि सतरा नंबर

महाराष्ट्र दिनाच्या सुमारास शाळांचे निकाल लागतात. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावरचा बाप नाहीतर विड्या वळणारी आई त्या सकाळी कामाचा खाडा करून शाळेत जाते. नववीच्या वर्गात काही पालकांना मागे थांबवलं जातं. "गणित राहिलं, इंग्रजी राहिलं. दहावी झेपणार नाही त्याला. दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसवा." कागद पुढे येतो, सही होते, आणि मूल शाळेबाहेर पडतं.

घरी सांगितलं जातं की नापास झाला म्हणून शाळेनं काढला. कागदावर मात्र तसं नसतं. दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो आणि त्यात बहुतेक वेळा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलेलं सापडतं. कमी गुणांपायी मूल शाळेबाहेर कसं जातं हे समजून घ्यायचं तर या रकान्यापासूनच सुरुवात करावी लागते. शाळेनं काढल्याची नोंद नसली की तक्रार कशाविरुद्ध करायची, हा प्रश्न उरतो.

आठवीपर्यंत गोष्ट स्पष्ट आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कुणाला मागे ठेवता येत नव्हतं आणि शाळेतून काढताही येत नव्हतं. 2019 मध्ये कलम बदललं. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्रानं 2023 मध्ये आपले नियम त्याप्रमाणे बदलले. या दोन वर्गांत नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन मिळतं, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा होते, आणि तीही सुटली नाही तर ते त्याच वर्गात बसतं. बदल एवढाच आहे. काढून टाकण्याची मनाई 2019 च्या दुरुस्तीनंतरही जशीच्या तशी आहे. म्हणून सहावीतल्या किंवा आठवीतल्या मुलाचा दाखला गुणांचं कारण देऊन कुणी पुढे करत असेल, तर ते सरळ कायद्याविरुद्ध आहे.

नववीत हे छत्र संपतं. कायदा सहा ते चौदा वयाचा आणि आठवीपर्यंतचा. नववीची परीक्षा शाळा घेते, पेपर शाळा तपासते, निकालही शाळाच लावते. नापास मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवायचं, ही रूढ आणि रास्त पद्धत. तरीही दाखल्याचा आग्रह होतो, त्याचं कारण पुढच्या वर्षीच्या दहावीच्या निकालात आहे.

दहावीची परीक्षा घेणारं राज्य मंडळ शाळेच्या निकालाची टक्केवारी काढतं ती परीक्षेला बसलेल्या मुलांवर. नववीत गळालेलं मूल त्या हिशोबात कुठेच नसतं. सतरा नंबरनं बसलेल्यांची गणना खाजगी विद्यार्थी म्हणून वेगळी होते, नियमित विद्यार्थ्यांच्या टक्केवारीत ती मिसळत नाही. म्हणजे ज्या मुलाच्या पास होण्याची खात्री नाही, ते नववीतच बाहेर पडलं तर शाळेचा आकडा वर जातो. शाळेबाहेर लागणाऱ्या शंभर टक्के निकालाच्या फलकावर नववीत किती मुलं होती हेही लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. सगळ्या शाळा असं करत नाहीत. सुट्टीत कच्च्या मुलांना बोलावून गणित घेणारे शिक्षकही आहेत. पण जिथे हे होतं, तिथे त्याची किंमत बहुधा अशाच घरांना मोजावी लागते जिथे घरी बोलायची भाषा तेलुगू किंवा कन्नड, पुस्तकाची मराठी, आणि इंग्रजी शिकवायला घरात कुणी नाही.

किंमत वर्षभराची नसते. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळते. तिला आधीची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झाल्याची अट आहे. त्यामुळे नापास होताच तो आधार तुटतो, आणि दाखला घेतला की रोज शाळेत जायचं कारणही उरत नाही. मुलगी घरी थांबली की तंबाखूचं सूप तिच्या मांडीवर येतं. मुलगा मागावर नाहीतर शिलाईच्या कामावर जातो. सतरा नंबरचा फॉर्म ‘पुढच्या वर्षी भरू’ म्हणून राहून जातो.

म्हणून पहिली गोष्ट: त्याच दिवशी सही करू नये. अर्ज पालकाच्या नावानं असतो. तो न दिल्यास मुलाचं नाव हजेरीपटावर राहतं आणि शाळेला त्याला पुन्हा नववीत बसवावं लागतं. उत्तरपत्रिका पाहायला मागाव्यात. जूनपूर्वी फेरपरीक्षा घेणार का, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारावं. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी, कारण तोंडी बोलण्याला पुढे काही आधार राहत नाही. एवढ्यावरही आग्रह सुटला नाही तर जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे ती पोच जोडून तक्रार करावी. आणि मुलाला जूनपासून रोज शाळेत पाठवावं. सलग गैरहजेरी हे नाव कमी होण्याचं दुसरं दार आहे, ते आपल्या हातानं उघडू नये.

दाखला घेऊन झाला असेल तर तो जपून ठेवावा आणि लगेच दुसरी शाळा शोधावी. हल्ली प्रत्येक मुलाची ऑनलाइन नोंद असते. जुन्या शाळेनं नाव सोडलं आणि नव्या शाळेनं ते ओढून घेतलं नाही, तर नोंद मध्येच लटकते. प्रवेश घेताना ती नव्या शाळेकडे आली का, एवढं लिपिकाला विचारून घ्यावं.

दहावीत नापास होणं हे त्यामानानं कमी धोक्याचं आहे, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. सोलापूर जिल्हा मंडळाच्या पुणे विभागात येतो. पूर्वी राहिलेल्या विषयांसाठी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे आणि वर्ष हमखास जाई. 2015 पासून पुरवणी परीक्षा जुलैत होऊ लागली. सुटलेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, मात्र ते विषय सोडवल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

सतरा नंबर वाईट नाही. तो कुणासाठी आहे हे पाहावं. ज्याची शाळा खरोखर सुटली, जो कामाला लागला, जिचं लग्न झालं, त्यांच्यासाठी ही वाट आहे. किमान पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण असली की दहावीचा अर्ज भरता येतो. मूळ दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन भरून एका मान्यताप्राप्त शाळेशी जोडून घ्यावं लागतं. तोंडी परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन तिथेच होतं, त्यामुळे त्या शाळेत अधूनमधून जावंच लागतं. शिकवायला मात्र कुणी नसतं. दोन विषयांत आधीच कच्चं असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शिक्षकांपासून तोडून या वाटेवर सोडणं, हा उपाय होऊच शकत नाही.

मुलाचं मन पुस्तकात नसून हातकामात आहे, असं घरच्यांना खरंच वाटत असेल तर विजापूर रोडवरच्या शासकीय आयटीआयमध्ये चौकशी करावी. वायरमन, वेल्डर अशा काही अभ्यासक्रमांना दहावी पास असण्याची अट नाही. आठवीच्या पायावर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मंडळाचे भाषा विषय देऊन दहावीची समकक्षता मिळवता येते. प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात, म्हणून नववीच्या निकालानंतर महिनाभर तरी दाखल्याची घाई करू नये. त्या महिन्यात मुलाशी बोलून घ्यावं: त्याला कोणता विषय कुठून समजेनासा झाला, हे त्याला स्वतःला बहुतेक वेळा नीट सांगता येतं.